‘साभार परत’ : नियतकालिक, संपादक आणि वऱ्हाडच्या सीमेवरची कविता

१

आपल्याकडे कवितेची समीक्षा बहुधा संग्रहापासून सुरू होते. संग्रहाचे वर्ष नोंदवावयाचे, त्यावरून कवीचा काळ ठरवावयाचा, प्रस्तावनेचा परामर्श घ्यावयाचा आणि मग एकेका कवितेकडे वळावयाचे, ही आपली रूढ रीत होय. ही रीत सोयीची आहे यात शंका नाही. तथापि, अर्वाचीन मराठी कवितेच्या बाबतीत ती पुष्कळदा दिशाभूल करणारी ठरते. कारण ही कविता मुळात पुस्तकात जन्मलेली नाही. ती साप्ताहिकाच्या किंवा मासिकाच्या एखाद्या पानावर, एखाद्या कथेच्या शेवटी उरलेल्या जागेत किंवा अंकाच्या आरंभी मानाने, प्रथम वाचकांसमोर आली. तिथपर्यंत येण्यासाठी तिला टपालातून जावे लागले, एका अपरिचित माणसाच्या टेबलावर पडून राहावे लागले, आणि त्या माणसाने ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणेपर्यंत थांबावे लागले. या थांबण्याचा कवितेवर आणि कवितेच्या इतिहासावर काय परिणाम झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार पुण्यामुंबईच्या संपादकीय कचेरीत बसून करण्याऐवजी टपालाच्या दुसऱ्या टोकापासून करावा, असे वाटते. त्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील वडनेर भोलजी हे गाव दृष्टीसमोर ठेवले आहे. मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान, महामार्गाला लागून असलेले हे गाव वऱ्हाड आणि खानदेश यांच्या शिवेजवळ वसलेले आहे. येथील बोलीत दोन्ही बाजूंचे वारे खेळतात. वाङ्मयाच्या इतिहासात या गावाचे नाव कोठे ठळकपणे येत नाही, आणि म्हणूनच ते येथे उपयोगी आहे. कविता लिहिणारा बहुसंख्य माणूस अशाच गावी राहतो. ‘आपली कविता छापून येईल काय?’ हा त्याचा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटला तरी त्याच्या पोटात वाङ्मयीन मूल्य, अभिरुची आणि अधिकार यांचे प्रश्न दडलेले असतात. शिवाय या गावापासून जवळच असलेल्या मलकापूरने मराठीला एक असा कवी दिला की ज्याच्या चरित्रात हा प्रश्न मोठ्या विलक्षण रीतीने सुटलेला दिसतो. तो कवी म्हणजे ‘बी’.

२

नारायण मुरलीधर गुप्ते यांचा जन्म १८७२ साली मलकापूर येथे झाला. त्या वेळची परिस्थिती ध्यानी घेतली पाहिजे. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली होते आणि पुढे १९०३ मध्ये ते मध्यप्रांताला जोडले गेले. म्हणजे मराठी वाङ्मयव्यवहाराची जी केंद्रे होती ती वऱ्हाडच्या दृष्टीने दुसऱ्या इलाख्यात, मुंबई इलाख्यात होती. पण राज्यकारभाराने जे तोडले होते ते आगगाडीने जोडले. भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला आणि मलकापूर, नांदुरा ही गावे त्यावर आली. ज्या गाड्यांतून वऱ्हाडचा कापूस मुंबईला जाऊ लागला, त्याच मार्गाने पुढे वऱ्हाडची कविताही पश्चिमेकडे जाऊ लागली, असे म्हणावयास हरकत नाही.

ती कोठे जाणार होती? १८८७ मध्ये जळगावी नारायण नरसिंह फडणीस यांनी ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक सुरू केले. १८९० मध्ये हरि नारायण आपट्यांचे ‘करमणूक’ हे साप्ताहिक पुण्यात निघाले. १८९५ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे ‘मासिक मनोरंजन’ आले. अवघ्या आठ वर्षांच्या आत उघडलेल्या या तीन दारांमुळे दूरच्या तालुक्यातील एखाद्या तरुणाला, कोणाची ओळखदेख नसताना, मराठी वाचकांपर्यंत पोचण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली. पूर्वीच्या काळी कविता कीर्तनातून, फडातून किंवा आश्रयदात्याच्या बैठकीतून लोकांपर्यंत जाई. त्या प्रत्येक ठिकाणी कवीला किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला तरी देहाने हजर राहावे लागे. नियतकालिकाने ही अट काढून टाकली. कवी घरी राहिला आणि कविता एकटी प्रवासाला निघाली.

गुप्त्यांची ‘प्रणयपत्रिका’ ही कविता १८९१ मध्ये ‘करमणुकी’त प्रसिद्ध झाली. ‘करमणूक’ सुरू होऊन तेव्हा फार दिवस झालेले नव्हते आणि कवीचे वय एकोणीस वर्षांच्या घरात होते. पहिलीच कविता हरिभाऊ आपट्यांच्या पत्रात छापून यावी, हे कोणत्याही तरुणाला हुरूप देणारे यश होते. अशा यशानंतर कवी वर्षानुवर्षे मासिकांचा पिच्छा पुरवील अशीच कोणाचीही अपेक्षा राहील. घडले ते उलट. सुमारे वीस वर्षे हा कवी वाचकांच्या नजरेआड राहिला. वऱ्हाडात सरकारी कचेरीत तो कारकुनी करीत होता. १९११ च्या सुमारास नियतकालिकांतून ‘बी’ या एकाक्षरी नावाने कविता येऊ लागल्या तेव्हा हा ‘बी’ कोण, याचे कुतूहल वाचकांना वाटू लागले. पहिला संग्रह ‘फुलांची ओंजळ’ निघाला तो १९३४ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. कवीने तेव्हा साठी ओलांडली होती. आयुष्यभराची एकूण कविता भरते ती पन्नासाच्या आसपास.

३

या सर्व हकीकतीचा उलगडा आपले टीकाकार ‘बी हे प्रसिद्धिपराङ्मुख होते’ या एका वाक्याने करतात. वाक्य खोटे नाही. पण ते स्वभावाचे वर्णन आहे, वाङ्मयीन वर्तनाचे स्पष्टीकरण नव्हे. प्रसिद्धी नको असलेल्या माणसाला कविता ट्रंकेत ठेवता आली असती. बींनी तसे केले नाही. त्यांनी ती मासिकाकडे पाठवली. फक्त तिच्याबरोबर स्वतःला पाठवले नाही.

येथे आपल्या भाषेतील एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. कविता छापली गेली असता आपण ती ‘प्रसिद्ध झाली’ असे म्हणतो आणि माणसाचा लौकिक झाला की तोही ‘प्रसिद्ध झाला’ असेच म्हणतो. एकाच शब्दाने दोन निराळ्या घटना सांगितल्या जात असल्यामुळे त्या एकच आहेत असा समज दृढ होतो, आणि नवोदित कवींच्या पुष्कळशा दुःखाचे मूळ या समजात असते. कवितेचे प्रसिद्ध होणे आणि कवीचे प्रसिद्ध होणे या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवून दाखविणे, हे बींनी आपल्या आचरणाने केलेले कार्य होय. पहिली त्यांना हवी होती. दुसरी नको होती. टोपणनाव तर त्या काळी बहुतेकांनी घेतले. केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी ही सारी टोपणनावेच आहेत. पण ती नावे कवीला एक नवी, अधिक काव्यमय व्यक्तिरेखा बहाल करतात. ‘बी’ हे नाव व्यक्तिरेखा देत नाही, ती पुसून टाकते. ते नाव उच्चारावयास एक अक्षर पुरते, आणि मराठीत त्याचा अर्थ मातीखाली असणारी वस्तू असा होतो. अशा कवीच्या संग्रहाचे नाव ‘फुलांची ओंजळ’ असावे यातील संगती सहज ध्यानात येण्याजोगी आहे.

बालकवींशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. १९०७ मध्ये जळगाव येथे जे कविसंमेलन भरले, त्याच्या मागे ‘काव्यरत्नावली’कार फडणीसांची खटपट होती. तेथे कोवळ्या वयाच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांनी कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिली. म्हणजे नाव सभेने दिले, वडीलधाऱ्यांनी दिले, कवीच्या देहाकडे आणि वयाकडे पाहून दिले. बींचे नाव हे याच्या नेमके उलट आहे: ते कवीने स्वतः घेतलेले आहे आणि कोणी पाहू नये म्हणून घेतलेले आहे. एक कवी संमेलनाच्या संस्कृतीतून उदयास आला, दुसरा टपालाच्या. दोघांच्या कवितांत जो पोताचा फरक जाणवतो, म्हणजे बालकवींच्या कवितेतील सहज कानाला लागणारी लय आणि बींच्या कवितेतील आत वळलेले, पुनःपुन्हा वाचावयास लावणारे चिंतन, त्याचे एक कारण येथे शोधता येईल. हे एकमेव कारण आहे असा दावा नाही. परंतु जी कविता अपरिचितांनी एकांतात वाचावी म्हणून पाठवली जाते, तिला दुर्बोध होण्याची मुभा अधिक असते, एवढे तरी मान्य करावे लागेल. ‘चाफा’ या कवितेच्या अर्थाविषयी मतभेद होत राहिले याचे आश्चर्य वाटावयास नको. लता मंगेशकरांच्या स्वरात आणि वसंत प्रभूंच्या चालीत ती घरोघर पोचल्यानंतरही तिच्यातील मौनाचा उलगडा सुरावटीने केला नाही.

४

नियतकालिकातील पहिले प्रकाशन दुर्लक्षिल्याने काळाचा हिशोब कसा चुकतो, हेही बींच्या उदाहरणावरून दिसते. संग्रहाचे १९३४ हे वर्ष धरले तर बी रविकिरण मंडळाच्या नंतरचे ठरतात. कारण ते मंडळ १९२३ मध्ये स्थापन झाले. कवितेची प्रवृत्ती पाहून आपण त्यांना केशवसुतांच्या परंपरेत बसवतो, तेव्हा बालकवी आणि गोविंदाग्रज यांच्या रांगेत त्यांचा विचार करतो. परंतु १८९१ मध्ये, जेव्हा बींची कविता ‘करमणुकी’त आली तेव्हा, केशवसुत स्वतः पंचविशीत होते, गोविंदाग्रज सहा वर्षांचे होते आणि बालकवी तान्हे होते. म्हणजे बी हे केशवसुतांचे अनुयायी म्हणून आले असे म्हणण्यापेक्षा, त्याच हवेत वाढलेले, त्याच दारावर जवळपास त्याच वेळी थाप मारणारे, पण नंतर वीस वर्षे दाराबाहेर थांबलेले कवी होते, असे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ जाईल.

केशवसुतांची कथा याहून उद्बोधक आहे. १९०५ मध्ये त्यांचा अंत झाला तोवर त्यांच्या कवितेचा संग्रह निघालेला नव्हता. तो हरिभाऊ आपट्यांनी नंतर अकरा-एक वर्षांनी सिद्ध केला. ज्यांना आपण अर्वाचीन मराठी कवितेचे जनक म्हणतो, त्यांनी स्वतःची कविता पुस्तकरूपात कधी पाहिलीच नाही. त्यांच्या हयातीत ती केवळ नियतकालिकांच्या सुट्या अंकांत जगली. ज्या संपादकाने ती छापावयास घेतली त्यानेच पुढे ती पुस्तकात जपली, हा योगायोग मानू नये. संपादक हा कवितेचा पहिला वाचक असतो. येथे तो तिचा वारसदारही ठरला.

याच जिल्ह्यातील दुसऱ्या एका कवीला मात्र दार निराळ्या भिंतीत सापडले. सिंदखेडराजाला १९०९ मध्ये जन्मलेले आणि मेहकरला वकिली करणारे ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत गायक जी. एन्. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आली आणि महाराष्ट्रभर गाजली. त्याच नावाचा संग्रह निघाला तो १९५४ मध्ये, म्हणजे सुमारे दोन तपांनी. बुलढाणा जिल्ह्यातून कविता बाहेर नेण्यासाठी येथे मासिकापेक्षा फोनोचा कर्णा अधिक समर्थ ठरला. लाभ उघड आहे: जो कधी मासिक विकत घेणार नाही त्याच्याही कानी कविता पडली. हानी तितकी उघड नाही. तबकडी कवितेला चाल देते, पण तिच्याभोवती चर्चा उभी करीत नाही. देशपांड्यांवर ‘भावगीतकार’ हा शिक्का इतका खोल बसला की ‘अभिसार’ (१९६३) व ‘खूणगाठी’ (१९८५) या संग्रहांतील निराळ्या वळणांकडे रसिकांचे लक्ष पुरेसे गेले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमीचा १९८६ चा पुरस्कार मिळाला, तरी सामान्य वाचकाच्या मनातील प्रतिमा ध्वनिमुद्रिकेनेच ठरविलेली राहिली.

५

येथवर नियतकालिकाची बाजू मांडली. तिच्याविरुद्धची बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती ऐकल्याविना वडनेर भोलजीच्या कवीला न्याय मिळणार नाही.

मराठी मासिकांच्या व्यवहारात ‘साभार परत’ हे दोन शब्द रूढ झाले. परतीची तिकिटे लावलेला लिफाफा सोबत जोडावयाचा आणि काही आठवड्यांनी आपल्याच हस्ताक्षरातील पत्ता असलेला तो लिफाफा पोस्टमनने आपल्याच हाती ठेवावयाचा, हा अनुभव मराठी कवींच्या कित्येक पिढ्यांनी घेतला. यातील ‘साभार’ हे सौजन्य होते की पडदा, हा प्रश्न आहे. उत्तम संपादकाच्या हाती परतीचा लिफाफा हे समीक्षेचे साधन होऊ शकते. ‘सत्यकथे’च्या काळात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांशी जो पत्रव्यवहार केला, पुनर्लेखनाच्या ज्या सूचना केल्या, त्यांतून मराठी नवसाहित्याची घडण झाली हे आता सर्वमान्य आहे. कारणासह आलेला नकार हा फुकट मिळालेला टीकालेख असतो. पण कारणाशिवाय आलेला नकार हा केवळ अधिकार होय.

या अधिकाराविरुद्ध जे बंड झाले ते मराठी वाङ्मयाच्या इतिहासात नोंदलेले आहे. १९५५ मध्ये ‘शब्द’ हे अनियतकालिक निघाले. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ ही मंडळी त्यामागे होती. १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचे ‘असो’ आले. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. १९६० नंतरच्या त्याच दशकाच्या अखेरीस औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ची उभारणी केली आणि ज्यांचे लेखन अन्यत्र नवखे किंवा ओबडधोबड ठरले असते त्यांना स्वतःचे व्यासपीठ मिळाले. या बंडाचा मथितार्थ असा की, अभिरुची ही निरपेक्ष वस्तू नसते. ती कोणत्या तरी घरात, कोणत्या तरी बोलीत, कोणत्या तरी पंगतीत घडलेली असते. संपादक जेव्हा ‘ही कविता जमली नाही’ असे म्हणतो, तेव्हा क्वचित त्याचा अर्थ ‘ही माझ्या ओळखीची नाही’ एवढाच असतो.

बोलीच्या संदर्भात हा धोका सर्वांत मोठा आहे. मलकापूरच्या पलीकडे खानदेशात, जळगावनजीक आसोद्याला माहेर असलेल्या बहिणाबाई चौधरी जवळपास बींच्याच पिढीतल्या. ‘काव्यरत्नावली’ १८८७ पासून १९३५ पर्यंत त्यांच्या इतक्या जवळ निघत होती; पण निरक्षर शेतकरी स्त्रीची ओवी आणि कवितेचे मासिक यांच्यामध्ये जे अंतर होते ते मैलांत मोजता येणारे नव्हते. १९५१ मध्ये त्या वारल्या आणि १९५२ मध्ये मुलगा सोपानदेव व आचार्य अत्रे यांच्यामुळे त्यांची गाणी उजेडात आली. वऱ्हाड-खानदेशच्या शिवेच्या दोन बाजूंच्या या दोन कवींची, बी आणि बहिणाबाई यांची, पुस्तके अत्र्यांच्याच प्रस्तावनेने लोकांसमोर यावीत, हे विचार करण्यासारखे आहे. एकाने कविता पाठवून स्वतः लपणे पत्करले. दुसरीला पाठवण्याची वाटच नव्हती. पहिल्याचे मौन ऐच्छिक होते, दुसरीचे लादलेले. दोघांनाही ‘प्रसिद्धिपराङ्मुख’ या एकाच शब्दात गुंडाळणे म्हणजे समीक्षेने आपल्या कर्तव्यातून अंग काढून घेणे होय.

६

‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली. तीन वर्षांनी, १९८५ मध्ये, धुळ्याहून पुरुषोत्तम पाटील यांनी ‘कवितारती’ हे पुन्हा केवळ कवितेलाच वाहिलेले नियतकालिक सुरू केले. जळगावची परंपरा खानदेशातच अर्धशतकानंतर पुन्हा अंकुरली, ही गोष्ट केंद्र आणि परीघ यांविषयीच्या आपल्या कल्पना तपासावयास लावणारी आहे. कवितेपुरते बोलावयाचे तर महाराष्ट्राचे केंद्र एकाहून अधिक वेळा भुसावळच्या आसपास सरकलेले दिसते.

आज वडनेर भोलजीच्या कवीला परतीच्या लिफाफ्याची गरज उरलेली नाही. सायंकाळी सुचलेली कविता रात्रीच्या जेवणापूर्वी शेकडो लोकांच्या दूरध्वनीवर जाते आणि झोपण्यापूर्वी तिच्यावर स्तुतीचा वर्षावही होऊन जातो. बहिणाबाईंना जी वाट नव्हती ती आज खुली आहे. वऱ्हाडी बोलीला संपादकाची परवानगी मागावी लागत नाही. हा लाभ लहान नाही, आणि जुन्या व्यवस्थेच्या आठवणींनी हळवे होऊन तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. तथापि, एक गोष्ट या व्यवस्थेतून नाहीशी झाली आहे. आता कविता परत येत नाही. ती परत येत नाही म्हणून तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहण्याचा प्रसंगही येत नाही. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असलेला आणि तो अधिकार कारणे देऊन वापरणारा वाचक हे नियतकालिकाने मराठी कवितेला दिलेले खरे देणे होते. बींनी वीस वर्षे जे केले ते बहुधा हेच असावे: त्यांनी आपली कविता स्वतःच स्वतःला परत केली. पन्नासाच्या आसपास भरणारी ती कविता टिकून आहे याचे रहस्य या परतीत असण्याचा संभव आहे.

यावरून आपल्या विभागातील संशोधक विद्यार्थ्यांपुढे तीन कामे येतात. पहिले, प्रत्येक कवितेचे पुस्तकापूर्वीचे प्रथम प्रकाशन शोधून नोंदविणे. त्यावाचून कालक्रमाविषयीची आपली विधाने डळमळीत राहतात. दुसरे, मासिकातील पाठ आणि संग्रहातील पाठ शेजारी ठेवून पाहणे. कवीने किंवा संपादकाने कोठे हात फिरवला हे त्याशिवाय कळत नाही. तिसरे, ज्या अंकात कविता आली तो अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जाहिरातींसकट, वाचणे. कारण वाचकाने ती कविता त्या शेजाऱ्यांसह वाचलेली असते. जुन्या नियतकालिकांचे अंक वाळवीच्या आधी आपल्या हाती लागले तरच हे घडेल. तालुक्याच्या गावांतील वाचनालयांची कपाटे, वकिलांच्या व शिक्षकांच्या घरांतील माळे ही या दृष्टीने आपली खरी कार्यक्षेत्रे आहेत.

आणि ज्याला आपली कविता छापून यावी असे वाटते त्या तरुणाने या इतिहासातून काय घ्यावे? त्याने ती अवश्य पाठवावी. पण पाठवताना एवढे ओळखावे की मासिकाचा होकार हे गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र नव्हे आणि नकार हा शेवटचा निवाडा नव्हे. पहिल्याने कविता चारचौघांच्या बोलण्यात येते आणि दुसऱ्याने ती पुन्हा लिहिणाऱ्याच्या हाती येते. मलकापूरच्या एका कारकुनाने या दोन्ही गोष्टींचा उपयोग कसा करावा हे आपल्या आधीच दाखवून ठेवले आहे. त्याचे नाव एका अक्षराचे असले तरी ते आपण विसरू नये.